आईचा दर

“तुम्ही द्याल ते,” ती म्हणाली आणि त्याच क्षणी लिफ्टचं दार मिटलं. फोनमधला आवाज तुटला. समोरच्या आरशात तिचं तोंड त्या ‘ते’वर थोडं उघडं राहिलेलं दिसलं. लिफ्टमध्ये दुसरं कोणी नव्हतं, तरी कोणीतरी ऐकलं असावं तशी तिने मान वळवून मागे पाहिलं. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. हे वाक्य आपल्या तोंडात आलं कुठून? ते तिने आजवर कधी उच्चारलं नव्हतं, निदान मोठ्याने तरी नाही. पण ते इतकं गुळगुळीत, इतकं सवयीचं होऊन बाहेर पडलं होतं की जणू कित्येक वर्षं ती आतल्या आत तेच घोळवत आली होती आणि आज फक्त तोंड उघडायचा अवकाश होता. लिफ्ट वर चढत होती.

दार उघडलं, फोन पुन्हा वाजला. “काय म्हणालीस? आवाज गेला मधेच,” लाँड्रीवाले काका म्हणाले. त्यांच्या मागे मोठ्या धुलाई यंत्रांची घरघर चालू होती. तिचा जीव भांड्यात पडला. ऐकू गेलं नव्हतं तर. “काही नाही. म्हणजे, बघते आणि सांगते,” ती म्हणाली. “बघ बघ. पण आज संध्याकाळपर्यंत सांग हं बाळ. उद्या हॉस्पिटलची माणसं यायची आहेत. काम कोण करणार, किती दिवसांत, किती पैशांत, सगळं त्यांना मांडून दाखवावं लागेल. आणि आकडा सांग. ‘द्याल ते’ नको.” म्हणजे ऐकू गेलं होतं. फोन ठेवून ती कॉरिडॉरमधल्या पाण्याच्या यंत्रापाशी उभी राहिली आणि तहान नसताना ग्लासभर पाणी प्यायली.

आई गेली त्याला फार दिवस झाले नव्हते. पण इतके झाले होते की माणसं आता फोनवर आधी कामाचं बोलायला लागली होती. काकांचंही तसंच. त्यांची लाँड्री म्हणजे गल्लीतलं इस्त्रीचं दुकान नव्हे. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल ट्रकभर येत आणि ट्रकभर जात. त्या सगळ्याची मोजदाद ठेवणारा प्रोग्राम आईने लिहिला होता, आणि शेवटच्या आजारपणापर्यंत तीच तो सांभाळत होती. लाँड्रीत तिला कॉम्प्युटरबाई म्हणत. आता हॉस्पिटलने नवा हट्ट धरला होता: नुसत्या मोजलेल्या चादरी नकोत, प्रत्येक चादरीच्या कडेला एक चिप शिवलेली हवी आणि कोणती चादर कितव्यांदा धुतली ते कळायला हवं. प्रोग्राम बदलायला हवा होता. काकांनी दुसऱ्या कोणाला विचारलंच नाही, सरळ तिला फोन केला. तीही हेच काम करत होती, गेली कित्येक वर्षं, एका मोठ्या कंपनीत, काचेच्या इमारतीत. कंपनीने तिचा अख्खा विभाग या महिन्याअखेर बंद करायचं ठरवलं होतं. बाकीचे नोकऱ्या शोधत होते. तिने मात्र कँटीनमध्ये जेवताना सगळ्यांसमोर मोठ्या रुबाबात सांगून टाकलं होतं, “मी आता स्वतंत्र काम करणार, आईसारखं.” सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. तिचा साहेब तर म्हणाला होता, “तुला जमेल.” तेव्हा तिला स्वतःचा अभिमान वाटला होता. आणि पहिल्याच माणसाने ‘किती घेशील?’ हा पहिलाच प्रश्न विचारला तेव्हा तिने हात पसरले होते.

तिने आयुष्यात कधी स्वतःची किंमत स्वतः सांगितली नव्हती, हे तिला जागेवर जाऊन बसताना कळलं. कळलं म्हणजे, आधीही माहीत होतं, पण खुर्चीच्या दांड्याला खरचटल्यासारखं आत्ता लागलं. नोकरीच्या मुलाखतीत ‘अपेक्षा काय?’ असं विचारलं की ती हसून म्हणायची, “तुमच्या पद्धतीप्रमाणे.” पद्धत त्यांची, कागद त्यांचा. वर्षातून एकदा कोणीतरी बंद खोलीत बोलावून आकडा दाखवी, तो तिच्या मनातल्यापेक्षा थोडा कमी असे, आणि तरी तीच “थँक्यू” म्हणून बाहेर येई. हे घरी सांगितलं की आई फक्त चष्मा वर सरकवून तिच्याकडे बघे, एखाद्या प्रोग्राममध्ये न सापडणारी चूक बघावी तसं. एकदाच म्हणाली होती, “अगं, पण तू काय म्हणालीस?” “मी काय म्हणणार?” “तेच विचारतेय. तुझ्या कामाबद्दल त्या खोलीत सगळे बोलले. तू काय म्हणालीस?”

आईचं ऑफिस म्हणजे जेवणाचं टेबल. टेबलाच्या एका टोकाला आई आणि तिचा कॉम्प्युटर, दुसऱ्या टोकाला ही आणि हिचा गृहपाठ. मध्ये मिठाची बरणी सरहद्दीसारखी. दुपारी फोन यायचे. नवं गिऱ्हाईक असलं की आईचं बोलणं आधी मोकळं, गमतीचं असायचं, आणि मग एक क्षण यायचा, तो लहानपणीसुद्धा तिला आधी कळायचा. पलीकडून तो प्रश्न यायचा. आई आकडा सांगायची. आवाज चढवून नाही, पाडून नाही, कोणी रस्त्यात किती वाजले विचारावं आणि आपण सांगावं, तसा. आणि त्यानंतर एक शब्द नाही. टेबलाचं पॉलिश एका जागी उडालं होतं, तिथे ती नखाने टोकरत बसायची. पलीकडचा माणूस बोलत राहायचा, खोकायचा, हसायचा, पुन्हा बोलायचा. आई टोकरत राहायची. त्या शांततेत हिला इतकं अवघडल्यासारखं व्हायचं की पाढे चुकायचे. बाबांना तर ते सोसायचंच नाही. आईचा आवाज त्या वळणावर आला की ते झारी घेऊन गॅलरीत निघून जायचे. त्यांच्या कुंड्यांना आईच्या गिऱ्हाइकांमुळे नेहमीच गरजेपेक्षा जास्त पाणी मिळालं आणि निम्मी झाडं कुजून गेली.

“थोडं कमी सांगितलं असतंस तरी चाललं असतं,” फोन संपल्यावर बाबा गॅलरीच्या दारातून म्हणायचे.

“कोणाचं चाललं असतं?”

“तसं नव्हे गं. काम हातचं जाऊ नये म्हणून.”

“गेलं तर गेलं. ते काम जाईल, मी तर राहीन ना?”

बाबा हायस्कूलमध्ये भूगोल शिकवत. त्यांच्या पगाराला कोणी कधी दर म्हटलं नाही. या वाक्यावर ते झारी जागेवर ठेवत. आणि काम बहुतेक जायचं नाही. जायचं तेव्हा आई जास्तीची भाजी चिरून ठेवायची, कपाटं आवरायची, दोन दिवस घर लखलखायचं. तेव्हा तिला वाटायचं, आईला कामं नसली की स्वच्छतेचा झटका येतो. आता खुर्चीत बसून तिला कळत होतं की कपाटं आवरणारे ते हात घाबरलेले होते. निदान असावेत. पण आईच्या चेहऱ्यावर तिने ती भीती कधी पाहिली नव्हती, आणि न पाहिलेली गोष्ट ती आता आपल्या सोयीने तिथे चिकटवत होती का, हेही कळेना.

लोकांची दर पाडायची एकच तऱ्हा नसते. कोणी म्हणायचं, किरकोळ काम आहे हो. आई म्हणायची, “किरकोळ असेल तर तुम्हीच करा की, मला कशाला फोन केलात?” कोणी म्हणायचं, पुढे खूप कामं देऊ. “मग खूप कामांच्या वेळी खूप कमी करू.” आणि सगळ्यात अवघड, जिव्हाळ्याची माणसं म्हणायची, तुम्ही काय, घरच्याच. त्यावर आईचं उत्तर सगळ्या नात्यागोत्यात गाजलं होतं: “घरच्या कामाचे पैसे मिळत नाहीत, म्हणून तर बाहेरचं काम घेते. तुम्हीही घरचे झालात तर मी खाऊ काय?” हसून म्हणायची, पण म्हणायची. हे ऐकून मावशी एकदा तोंडावर पदर घेऊन म्हणाली होती, “बाई बाई, जिभेला काही हाड?” आणि मग स्वयंपाकघरात हिला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, “खरंच देतात गं तेवढे? तुझी आई मागते तेवढे?” मावशीच्या आवाजात त्या वेळी निंदा नव्हती. एक भूक होती. मावशी शिवणकाम करायची, झकास करायची, आणि ‘द्याल ते’ घ्यायची.

काकांचं काम हे आईचं पहिलं काम. ती गोष्ट आई रंगात आली की सांगायची. मूल झाल्यावर ऑफिसात उशिरा येणं चालणार नाही असं तिला सांगण्यात आलं, तेव्हा ती म्हणाली, मग मी येतच नाही. आणि बाहेर पडली. कोणीतरी सांगितलं, लाँड्रीत चादरी हरवतायत, त्यांना मोजदादीला काहीतरी हवंय. हिला कडेवर घेऊन आई लाँड्रीत गेली. काका तेव्हा काडीसारखे होते, सासऱ्याची लाँड्री नुकतीच हातात आलेली, सासऱ्याचा धाक पाठीवर. त्यांनी विचारलं, “तुमचा दर काय?” आईला तेव्हा दर नव्हताच. तिने उलट विचारलं, “तुम्ही एका चादरीचा दर कसा काढता?” काका खुलले. पाणी, साबण, वाफ, बायकांचा पगार, हे तर आलंच. शिवाय यंत्र झिजतं ते, ट्रक बंद पडतो ते, एखादी चादर फाटते ती भरून द्यावी लागते ते. आणि वर्षातले काही महिने हॉटेलं ओस असतात, तेव्हा यंत्रं थंड पडतात, पण बायकांची पोटं थोडीच थंड पडतात? तेही त्या एका चादरीवर चढवायचं. आई म्हणाली, “माझंही तसंच आहे.” काका म्हणाले, “तुमचं कसं तसं? तुम्हाला कुठे वाफ लागते?” आई म्हणाली, “मला आजारपण लागतं. कामं नसलेले महिने लागतात. नवीन शिकायला लागतं, ते कोणी शिकवत नाही, पैसेही देत नाही. आणि ही लागते,” म्हणून कडेवरच्या हिला दाखवलं. मग तिथेच उभ्या उभ्या मनात जुळवाजुळव करून तिने आकडा सांगितला. काकांनी सासऱ्याच्या खोलीकडे एकदा बघितलं आणि हो म्हटलं. “तुला कडेवर घेऊनच मी दर ठरवला,” आई सांगायची. “तू ओली होतीस. म्हणून लवकर ठरवला.”

तर तो आईचा दर. वर्षागणिक वाढला, पण चाल तीच राहिली. आता तिच्यापुढे तो आकडा उभा होता आणि ती कुठूनही त्याच्याजवळ गेली तरी ठेच लागत होती. आईचाच दर सांगावा? मग ती आईच्या साड्या नेसून आरशापुढे उभी राहणारी मुलगी झाली. कमी सांगावा? म्हणजे आई इतकी वर्षं जास्त घेत होती, किंवा मी तिच्या निम्मीही नाही. दोन्हीपैकी एक तरी काकांच्या मनात येणारच. आणि जास्त? जास्त सांगायचं धाडस तर जिभेच्या टोकापर्यंतही येईना. आईने हयात घालवून जिथे पाय रोवला तिथून एक पायरी वर चढून उभं राहायचं, कालपरवाच्या पोरीने, तेही ती गेल्यावर. तिने अर्धी रजा टाकली. “घरी सगळं ठीक ना?” साहेबाने विचारलं. “हो, एक काम बघायचंय,” ती म्हणाली, आणि ‘काम’ म्हणताना तिला आपण खोटं बोलतोय असं उगाच वाटलं.

बाबांनी दार उघडलं. दुपारी ती कशी आली हे त्यांनी विचारलं नाही. “चहा टाकतो,” म्हणाले. हल्ली ते कोणी आलं की लगेच स्वयंपाकघरात जात, हात गुंतवायला. टेबलाच्या त्या टोकाला आईचा कॉम्प्युटर झाकून ठेवला होता. बाबा त्यावरची धूळ पुसत असावेत, कारण धूळ नव्हती. तिने झाकण काढलं, चालू केला, आणि आईचा प्रोग्राम उघडला. दोघी एकाच धंद्यातल्या, पण तिने आईचं लिहिलेलं कधी वाचलं नव्हतं आणि आईने तिचं. दोन सुगरणी एकमेकींच्या कढईत डोकावत नाहीत, तसं काहीसं. कंपनीत तिने इतरांचं लिहिलेलं रोज वाचलं होतं. त्यात कोणाची घाई दिसायची, कोणाची ऐट, कोणी गेलेल्या माणसाला शिव्या दिलेल्या असायच्या. तसलंच काहीतरी जुनाट, गुंत्याचं सापडेल अशी तयारी करून ती बसली होती. दोन महिन्यांचं काम, तिने अंदाज बांधून ठेवला होता.

आणि ती वाचत गेली. आईने सगळी नावं मराठी ठेवली होती, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली, पण मराठी. हरवलेली. सापडलेली. फाटकी. कोणाकडे_आहे. चादर ज्या वाटेने लाँड्रीत जायची त्याच वाटेने वाचणाऱ्याचा डोळा जात होता: आत आली, मोजली, धुतली, वाळली, घडी झाली, गेली. कुठेही मागे वळावं लागत नव्हतं. कुठेही हुशारी दाखवलेली नव्हती. एका ठिकाणी तिला वाटलं, इथे आपण एका ओळीत केलं असतं, आईने तीन ओळी घेतल्यात. मग कळलं, ती एक ओळ वाचायला जितका वेळ लागला असता त्यापेक्षा या तीन ओळी लवकर वाचून झाल्या. तिच्या पाठीचा कणा आपोआप सरळ झाला. चहा आला, निवला. आणि ज्या जागेची तिला धास्ती होती तिथे ती पोचली. लाँड्रीत चादरी गठ्ठ्याने मोजत, तेव्हा कोणीही असता तर त्याने गठ्ठा आणि त्यातली संख्या एवढंच ठेवलं असतं. आईने गठ्ठ्यातली प्रत्येक चादर वेगळी मांडली होती, आणि प्रत्येकीपुढे ‘ओळख’ नावाची एक जागा मोकळी सोडली होती. तेव्हा चिप नव्हत्या. हॉस्पिटलचा हट्ट नव्हता. एका चादरीला दुसरीपासून वेगळं ओळखायचं कारणच नव्हतं, तरी आईला त्या सगळ्या सारख्या वाटल्या नव्हत्या. तिला हसू आलं. मोठ्याने. दोन महिन्यांचं काम आठवड्याभरावर आलं होतं.

हसू ओसरलं तेव्हा तिला दिसलं की आठवड्याभराचं काम म्हणजे आठवड्याभराचे पैसे. आईने गचाळ लिहिलं असतं तर लेकीचे दोन महिने सुटले असते. शाळेत असताना तिने आईला हेच विचारलं होतं, स्वतःला फार चलाख समजून: “तासावर पैसे घेतेस ना, मग हळूहळू कर की!” आई कणीक मळत होती. मळता मळता म्हणाली, “हळू करणारे असतात. त्यांचे तास जास्त, दर कमी. मी लवकर करते, आणि पुढे जो कोणी हात घालेल त्याचंही लवकर होईल असं करते. ते जे वाचतं ना, ते कोणाला दिसत नाही. म्हणून ते दरात घालायचं. नाही घातलं तर लोक समजतात तेवढं फुकट येतं.” पुढे जो कोणी हात घालेल. त्या वेळी आईच्या मनात कोण होतं? कोणीच नसेल. कोणीतरी अनोळखी माणूस, जो तिचा उद्धार न करता काम करून घरी जेवायला वेळेवर जाईल. अशा न भेटणाऱ्या माणसाची इतकी काळजी तिने घेतली होती, आणि तिचे पैसे काकांकडून बिनदिक्कत घेतले होते, आणि दोन्ही गोष्टी तिच्या लेखी एकच होत्या. टेबलाच्या या टोकाला बसून ती आईकडे पहिल्यांदाच त्या अनोळखी माणसाच्या डोळ्यांनी बघत होती. असं कोणी आपल्याला ऑफिसात भेटलं असतं तर आपण त्याच्या मागे मागे फिरलो असतो, असं तिच्या मनात आलं.

मग ती अडली. दिवसाची मोजदाद बंद करण्याआधी आईने एक पायरी घातली होती, नाव थांब_जरा. तिथे प्रोग्राम काही क्षण नुसता थांबत होता. काही करत नव्हता, कोणाची वाट बघत नव्हता, थांबत होता आणि पुढे जात होता. तिने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. कारण कुठेच नव्हतं. काढून टाकलं तर कदाचित काहीच होणार नाही. कदाचित अख्ख्या दिवसाची मोजदाद कोसळेल. इतक्या स्वच्छ लिहिणारीने हे उगाच ठेवलेलं नसणार एवढंच नक्की होतं. “आई, हे कशाला गं—” ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली.

“काय गं?” स्वयंपाकघरातून बाबा म्हणाले. “मला हाक मारलीस?”

बाबा दारात आले, हातात फडकं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं, आणि फडक्याची घडी घालायला लागले. बराच वेळ घातली. मग समोरची खुर्ची ओढून बसले. तिने त्यांना सगळं सांगितलं. काकांचा फोन, ‘द्याल ते’, आकडा. ‘द्याल ते’ ऐकून ते हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत.

“तुला काय वाटतं, तिला सोपं जायचं?” ते म्हणाले.

“आईला? किती वाजले सांगावं तसं सांगायची.”

“नव्या गिऱ्हाइकाचा फोन येणार असला की आदल्या दिवशी न्हाणीघरात नळ सोडून मोठमोठ्याने आकडा म्हणायची. वीसदा म्हणायची. मला बाहेर ऐकू यायचं. एकदा मी आतल्या आकड्यापेक्षा मोठा आकडा बाहेरून ओरडलो, तर दार उघडून ओला टॉवेल फेकून मारला.”

“आणि तुम्ही गॅलरीत का पळायचात मग?”

“पळायचो कुठे? तीच घालवायची. म्हणायची, तुम्ही समोर असलात की माझ्याकडून कमी सांगितलं जातं. तुमचा चेहरा आहे ना, तो ‘जाऊ दे’ असा आहे.” बाबांनी स्वतःच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, जणू तो अजून तसाच आहे का बघत होते. “मग काय, झारी घ्यायची आणि बाहेर. झाडं मेली बिचारी.”

ती हसली. म्हणजे तो आवाज आईला मिळालेला नव्हता. तिने तो कमावला होता, नळाच्या आवाजाखाली, एकटीने. आणि पोरीला त्याची झळ लागू दिली नव्हती. लेकीला वाटत राहिलं होतं की आपल्यात काहीतरी कमी आहे जे आईत जन्मतः आहे. ती उठली. बाबा म्हणाले, “छत्री घे.” आभाळात काही नव्हतं. तिने घेतली.

लाँड्रीच्या मागच्या दारातून आत शिरताच चष्म्यावर वाफ धरली. मोठ्या रोलरमधून चादरी सपाट होऊन सरकत येत होत्या, दोघी दोघी बायका टोकं जुळवून घड्या घालत होत्या आणि घड्या घालता घालता कोणाच्या तरी जावेची यथेच्छ टिंगल चालली होती. तिला बघून एकीने दुसरीला कोपराने ढोसलं: “कॉम्प्युटरबाईंची.” टिंगल थांबली. काका ऑफिसातून बाहेर आले. ते आता काडीसारखे राहिले नव्हते, दारातून तिरके होऊन बाहेर आले. “ये बाळ. बस. काय घेशील?” मग यंत्रांचं, बाबांच्या तब्येतीचं, हॉस्पिटलवाल्यांच्या नखऱ्यांचं थोडं बोलून झालं. ते मधेच म्हणाले, “तू काय, घरचीच आहेस,” आणि लगेच स्वतःच ओशाळून हसले. “नाही नाही. हे वाक्य मी मागे घेतो. याच्यावरून मी एकदा बोलणी खाल्लीयत.”

“काका, आधी एक विचारू? दिवसाची मोजदाद बंद करताना प्रोग्राम थोडा वेळ थांबतो. तो का थांबतो?”

“थांबतो खरा. मी समजत होतो कॉम्प्युटर म्हातारा झालाय.”

“नाही. आईने थांबवलाय.”

“कशाला?”

“तेच विचारतेय.”

काकांनी घड्या घालणाऱ्या बायकांकडे वळून विचारलं. त्यातल्या सगळ्यात जुन्या बाईने मान हलवली. कोणालाच माहीत नव्हतं. काका परत तिच्याकडे वळले. “बरं. सांग मग. किती?”

तिने कामाला किती दिवस लागतील ते सांगितलं. थोडे आहेत हे बघून काकांचा चेहरा उजळला. मग तिने दर सांगितला. आवाज किंचित फाटला, किती वाजले ते सांगितल्यासारखा मुळीच नव्हता. पण आकडा पूर्ण बाहेर आला आणि त्याच्या मागे काही आलं नाही.

काकांच्या भुवया वर गेल्या. “हा तर बाईंपेक्षा जास्त झाला.”

“हो.”

“अगं, तिचा हात इतक्या वर्षांचा. तू अजून...” ते थांबले. रागावले नव्हते. खरंच समजून घ्यायचं होतं त्यांना, धंद्याच्या माणसाला हवं असतं तसं. “मला सांग तरी. जास्त कशाचे?”

वाटेत तिने काही उत्तर तयार केलं नव्हतं. आता ती बोलली तेव्हा तिला ते आपण बोलतोय तसतसंच कळत गेलं. “आईला अडलं की ती स्वतःला विचारायची, हे मी असं का केलं? तिला उत्तर मिळायचं. मला अडलं तर विचारायला कोणी नाही. प्रत्येक गोष्ट मला नुसती बघून बघून ओळखावी लागेल. चुकीची ओळखली तर तुमच्या चादरी जातील. आई असती तर तिचाच दर बरोबर होता. आता तेवढ्यात होणार नाही.”

रोलर चालू होता, पण बायकांचे हात थांबले होते आणि एक चादर घडी न होता जमिनीकडे लोंबत चालली होती. काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, घातला. “तेवढं खरं,” ते म्हणाले. “मलाही आता विचारायला कोणी नाही. चादरींचं नव्हे, असंच.” मग नाक ओढून, ऑफिसातल्या आवाजात: “ठीक आहे. दिला. पण मग मलाही हॉस्पिटलला दर वाढवून सांगावा लागणार. उद्या ते विचारतील, एकदम का वाढला? काय सांगू त्यांना?”

“सांगा, आमची लिहिणारी वारली.”

आई वारली हे तिने आजवर कोणालाच स्वतःच्या तोंडाने सांगितलं नव्हतं. सगळ्यांना बाबांनीच फोन करून कळवलं होतं. काका मान खाली घालून उभे होते. तिने लोंबणारी चादर एका टोकाला धरली, समोरच्या बाईने दुसरं टोक उचललं, आणि दोघींनी मिळून तिची घडी घातली.

“सकाळी येते,” ती काकांना म्हणाली.